सहाव्या उपासाचं पाणी

आमच्या घरात पाण्याचे जेवढे लाड होत, तेवढे माणसांचे कधी झाले नाहीत. सकाळी मागच्या आडाचं पाणी शेंदून झालं की मां ते जाड सुती फडक्याच्या दुहेरी घडीतून गाळायची. गाळून झालं की फडकं उलटं करून त्यावर गाळलेलंच पाणी ओतायचं आणि खाली जे पडेल ते एका छोट्या बादलीत धरायचं. फडक्यात अडकलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव त्यात असत आणि त्यांना त्यांच्या घरी, म्हणजे त्याच आडात, परत पोचवायचं असे. ती बादली वरून ओतायची नाही, जिवांना लागेल. दोरानं पार खाली सोडायची, पाण्याला टेकली की बुडाला बांधलेल्या दुसऱ्या दोरीनं अलगद उपडी करायची. हे काम माझ्याकडे होतं. सात-आठ वर्षांची असल्यापासून मी रोज आडाच्या काठावर ओणवी होऊन न दिसणाऱ्या जिवांना घरी सोडून येत असे, आणि खरं सांगते, मला ते फार आवडायचं. आजही मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

मग उकळणं. पितळी पातेल्यातल्या पाण्याला खळखळून उकळी येईपर्यंत मां चुलीपासून हलत नसे. ते पाणी परातींत निवत ठेवायचं, या परातीतून त्या परातीत, त्या परातीतून तिसरीत. नवीन जालन्यात स्टेशनच्या अलीकडे आमचं घर, त्यामुळे गाडीची शिट्टी, मोंढ्याच्या बाजाराकडे निघालेल्या बैलगाड्यांची खडखड आणि आमच्या परातींचा खणखणाट सगळं एकाच वेळी कानावर यायचं. बाबूजी तेव्हा पुढच्या खोलीत सामायिकाला बसलेले असत. तोंडाला पांढरी मुहपत्ती बांधून, अठ्ठेचाळीस मिनिटं एका जागी, सगळ्या जिवांबद्दल समभाव धरून. ते उठले की बियाण्याच्या दुकानाच्या किल्ल्या घेऊन बाहेर पडायचे आणि जाताना अंगणातली मुंग्यांची रांग ओलांडून जायचे. घरात तिसरं मोठं माणूस म्हणजे भुवाजी, बाबूजींच्या थोरल्या बहीण. लग्नानंतर चौथ्या वर्षी विधवा होऊन आल्या त्या आमच्याकडेच राहिल्या. त्यांना सगळी सूत्रं तोंडपाठ होती आणि जीभ त्याहून तिखट होती. आमचं जेवण दिवस मावळायच्या आत. कांदा, लसूण, बटाटा कधीच नाही आणि पर्युषणाच्या आठ दिवसांत हिरवं पानसुद्धा नाही. मुगाची डाळ, गट्ट्याची भाजी, पापडाची भाजी, मेथीदाण्याची भाजी आणि तुपात बुडवलेले फुलके. "आपलं काय, त्यागाचं जेवण," असं म्हणत भुवाजी डाळीवर आणखी एक पळी तूप सोडायच्या.

बाहेरच्या ओट्यावर एक कोनाडा होता आणि त्यात तीन काचेचे ग्लास असत. दुकानचे हमाल, रिक्षावाले, बियाणं न्यायला आलेले काही शेतकरी, पिंजारी, असे जे लोक, त्यांच्यासाठी. पाणी आमचंच, गाळलेलं, उकळलेलं, वरून ओतायचं. प्यायलेल्यानं ग्लास स्वतः विसळून पालथा ठेवायचा. हे कुणी कुणाला सांगत नसे, सगळ्यांना ठाऊक असे. मी एकदा बाबूजींना विचारलं, मुंगीला आपण जपतो, मग माणसाचा ग्लास वेगळा का? (आमच्या घरातली मारवाडी पिढ्यान्‌पिढ्या जालन्यात मुरून अर्धी मराठी झाली होती, इथे ती मी मराठीतच लिहिते आहे.) बाबूजी रागावणारे नव्हतेच. त्यांनी मला जवळ घेतलं आणि म्हणाले, "आपण कुणाचा द्वेष करत न्हाई बेटा. त्यांच्या घरात मांस शिजतं. आपण फक्त आपला धर्म सांभाळतो. दोन्हींत फरक हाय." हे वाक्य मी पुढे किती तोंडांतून ऐकलं, आणि ती सगळी तोंडं काही आमच्या समाजाची नव्हती. प्रत्येकाच्या देव्हाऱ्यात वेगळा देव असतो, हे वाक्य मात्र सगळ्यांचं एकच.

मी नववीत गेले त्या वर्षी शाळेत शेख बाई आल्या. आमची मुलींची शाळा आमच्याच समाजाच्या ट्रस्टची आणि बाबूजी तिच्या कमिटीवर. मराठीच्या जुन्या बाई बाळंतपणासाठी गेल्या होत्या, त्यांच्या जागी शेख बाईंना तात्पुरतं घेतलं होतं. उंच, सावळ्या, इस्त्रीची सुती साडी, हातात दोन-दोन काचेच्या बांगड्या. मूळच्या मंठ्याच्या. जुन्या जालन्यात एक खोली घेऊन म्हातारी आई आणि शिकता भाऊ यांच्यासोबत राहायच्या, आणि त्या तिघांचं पोट बाईंच्या पगारावर चालायचं. वर्गात फळ्याजवळ उभ्या राहिल्या की पुस्तकातली मराठी, आणि वर्गाबाहेर पाऊल टाकलं की थेट मंठ्याची. मुसलमान बाई मराठी काय शिकवणार, असं आमच्यातल्या कितीतरी पालकांनी नाक मुरडून म्हटलं होतं. मला विचाराल तर, आज मी ज्या भाषेत चार ओळी लिहू शकते ती मला त्यांनी दिली. घरी मारवाडी, शाळेत मराठी, यामुळे मी वहीत दोन ओळींपुढे कधी जात नसे. बाई म्हणाल्या, "मोठं काही लिहू नको. तुझ्या घरी सकाळी उठल्याबरोबर काय काय करतेत, तेवढंच लिही." मी आडाची बादली, फडकं, परातींचा आवाज असं सहा पानं लिहिलं. बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं आणि वाचताना त्यांचा आवाज मऊ झाला. त्या मला म्हणाल्या, "इतका जीव लावतेत तुमच्याकडं पान्याला! चांगलं हाये." त्यांना आमचे पाण्याचे सगळे नियम कळले ते त्या सहा पानांतून.

त्याच वर्षी मी अठाई करायचं ठरवलं. अठाई म्हणजे पर्युषणातले आठही दिवस सलग उपास; अन्नाचा कण नाही, दिवसा फक्त उकळलेलं पाणी, सूर्य मावळला की तेही बंद. भक्तिभावानं केली असं म्हणाले तर तो खोटेपणा होईल. औरंगाबादच्या माझ्या मामेबहिणीनं आदल्या वर्षी केली होती आणि तिची घोड्यावरून मिरवणूक निघाली होती, सोन्याची साखळी मिळाली होती. भुवाजी उठता-बसता तिचं नाव घेत. मांला वाटत होतं, अठाई केलेली मुलगी म्हटलं की स्थळं चांगली येतात. आणि मला एकदा, फक्त एकदा, घरातलं सगळ्यात महत्त्वाचं माणूस व्हायचं होतं. मी रोज सकाळी जैन स्थानकात जाऊन महासतीजींकडून, म्हणजे तिथे उतरलेल्या साध्वींकडून, त्या दिवसाचं व्रत घेत असे. पहिले दोन दिवस भुकेनं डोकं ठणकलं, तिसऱ्या दिवशी उलटी झाली, चौथ्या दिवसापासून सगळं हलकं वाटायला लागलं. बायका माझे पाय चेपायला येत, माझ्या हातून आशीर्वाद मागत. पंधरा वर्षांच्या पोरीकडून! डोकं फिरेल नाहीतर काय होईल?

सहाव्या दिवशी मी शाळेत गेले. मां नको म्हणत होती. पण बाई त्या दिवशी निबंधाच्या वह्या परत देणार होत्या आणि मला ते चुकवायचं नव्हतं. मांनं फिरकीचा तांब्या भरून उकळलेलं पाणी दिलं, दिवसभर घोट घोट घ्यायला. शाळेच्या पायऱ्या चढताना माझा पाय लटपटला, तांब्या हातातून सुटला आणि पायऱ्यांवरून गडगडत खाली गेला. झाकण निघालं. पाणी सगळं मातीत. तेव्हाच घरी परतायला हवं होतं. पण मी कुणाला काही न सांगता वर्गात जाऊन बसले. भाद्रपदातलं ऊन, वर पत्रे. तिसऱ्या तासाला अक्षरं हलायला लागली आणि मी बाकावरून खाली आले. शुद्ध गेली ती घडीभरच. डोळे उघडले तेव्हा माझं डोकं शेख बाईंच्या मांडीवर होतं, बाकीच्या मुलींना त्यांनी वर्गाबाहेर काढलं होतं आणि शेजारी मंदा वहीनं वारा घालत होती. मंदा माझी बाकावरची सोबतीण, केदारखेड्याच्या शेतकऱ्याची मुलगी, मामाकडे राहून शिकणारी.

बाईंनी मंदाला सांगितलं, "पळ, कांचनच्या घरी जा. उकळलेलं पानी मागून आन. जल्दी." मंदा दाराशी गेली तोवर माझे ओठ पुन्हा पांढरे पडले असावेत, कारण ती तिथेच थबकली. बाईंच्या टेबलावर त्यांचा स्वतःचा तांब्या होता. त्यांनी तो उचलला, पेला भरला, पण माझ्या तोंडाला लावला नाही. मला नीट बसवलं, पाठीला हात दिला आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं, "कांचन, हे माझ्याजवळचं पानी हाये. उकळलेलं न्हाई. तुझा उपास हाये, मला म्हाइती हाये. घरून पानी येऊन राह्यलंय. तोवर दम निघत आसंल तर थांब. न्हाई निघत आसंल तर घे. तूच सांग." मी मान हलवली. दोन्ही हात पुढे केले, पेला घेतला आणि पिऊन टाकला. मग दुसरा मागितला. मंदा दारातून हे बघत होती आणि मग पळाली.

अर्ध्या तासात रिक्षातून भुवाजी आल्या, मांडीवर उकळलेल्या पाण्याचा डबा धरून. मी अजून बाईंना टेकून बसले होते आणि रिकामा पेला माझ्या पायाशी होता. भुवाजींनी पेल्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि मला त्यांच्यापासून ओढून वेगळं केलं. "पाणी प्यायलीस?" त्यांनी विचारलं. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मी अजून तसाच्या तसा सांगू शकते. "तू हातानं घेतलं, का हिनं तुझ्या तोंडात ओतलं?" त्या प्रश्नातच उत्तर होतं आणि ते मला लगेच उमगलं. हातानं घेतलं असेल तर व्रत मोडलं, पाच दिवस मातीत, घोडा नाही, बँड नाही, पाहुण्यांपुढे मां तोंड दाखवू शकणार नाही. ओतलं असेल तर व्रत शाबूत, कारण भान नसताना घडलेल्याचा दोष लागत नाही. मी म्हणाले, "मला भान नव्हतं." भुवाजी म्हणाल्या, "म्हणजे ओतलं." मी मान खाली घातली. बाई माझ्याकडे बघत होत्या. त्या काहीतरी बोलायला गेल्या आणि भुवाजींनी हात वर करून त्यांना थांबवलं.

आता इथे थोडं थांबून सांगायला हवं. पुष्कळ वर्षांनी, माझे केस पिकल्यावर, चातुर्मासाला आलेल्या एका वयस्क साध्वीजींना मी नाव न घेता हा प्रसंग विचारला. त्या हसल्या. म्हणाल्या, व्रत घेताना जे शब्द उच्चारतो त्यांतच सूट दिलेली आहे. चुकून झालं तर सूट, अचानक झालं तर सूट, आणि आजारपणात जीव घाबरा झाला तर त्याचीही सूट आहे. जाणून घेतलं असतं तरी त्या मुलीला प्रायश्चित्ताहून जास्त काही लागलं नसतं. भुवाजींना ती सूत्रं तोंडपाठ होती. म्हणजे आमच्या धर्मानं दार उघडं ठेवलं होतं, आजारी माणसासाठी मुद्दाम ठेवलं होतं. आम्ही त्यातून फक्त स्वतः बाहेर पडलो आणि त्या बाईंच्या तोंडावर ते लावून घेतलं. पाणी न उकळलेलं होतं, हे दुखणं नव्हतंच. ते कुणाच्या तांब्यातलं होतं, हे दुखणं होतं. धर्माचं नाव घेतलं की ते बोलून दाखवायला लाज वाटत नाही, एवढाच धर्माचा त्यात उपयोग झाला.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. मुसलमान बाईनं जैनाच्या मुलीचं तप भ्रष्ट करायला जबरदस्तीनं पाणी पाजलं, असं. आमच्या घरी पुढच्या खोलीत कमिटीचे चार जण जमले. मी आत अंथरुणावर पडून ऐकत होते. कुणीही आरडाओरडा केला नाही, कुणी वाईट शब्द वापरला नाही. बाबूजी तर म्हणाले, "बाई शिकवतात चांगलं, त्यात दुमत न्हाई. माझ्या मनात त्यांच्याबद्दल काही न्हाई. पण समाजाच्या भावनेचा प्रश्न हाय." दुसरा एक जण म्हणाला, तात्पुरतीच तर नेमणूक आहे, सोडल्यास कुणाचं नुकसान नाही. मुख्याध्यापिकांकडून निरोप आला होता की मंदा नावाची एक मुलगी वेगळंच सांगते आहे. कांचननं पेला मागून घेतला म्हणते. त्यावर कुणीतरी म्हणालं, "शेतकऱ्याची पोर ती. तिला अठाई काय कळती?" आणि सगळे हलकंसं हसले. त्या हसण्यात बाईंचा पगार गेला, त्यांच्या आईचं औषध गेलं, भावाचं शिक्षण गेलं. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं मी आज म्हणू शकले असते. कळत होतं.

सातव्या दिवशी दुपारी शेख बाई आमच्या घरी आल्या. एकट्या. ओट्याच्या खालीच उभ्या राहिल्या. मांनं त्यांना बसायला पोतं टाकलं आणि कोनाड्यातला ग्लास घेऊन वरून पाणी ओतलं. बाईंनी ते घेतलं, प्यायल्या, ग्लास विसळला आणि जागच्या जागी पालथा ठेवला. माझ्या निबंधात ग्लासांचं नव्हतं. मी ते लिहिलं नव्हतं. त्यांना ते लहानपणापासून माहीत असणार, मंठ्यात काय आणि जालन्यात काय.

"शेठजी," बाई म्हणाल्या, "नोकरीचं तुमी ठरवाल तसं. मी भांडायला आलेली न्हाई. पन माझं नाव खराब झालं तर मला दुसऱ्या कोन्त्या शाळेत घेत न्हाईत. मी पोरीला विचारल्तं. तिनं हो म्हनल्यावर दिलं. तिला फकस्त एवढंच सांगू द्या. तुमच्या धर्माला मी कशाला हात लावीन? मला पन धर्म हायेच की."

बाबूजींनी मला बाहेर बोलावलं. मांनं मला धरून आणलं. उंबऱ्याच्या आत मी, बाहेर ओट्याखाली बाई. बाबूजी म्हणाले, "सांग बेटा. जे खरं हाय ते सांग." त्यांचा आवाज अगदी शांत होता. मागे भुवाजी, शेजारी मां, आत स्वयंपाकघरात औरंगाबादहून आलेल्या मामी पारण्याची तयारी करत होत्या. मी बाईंच्या साडीच्या काठाकडे बघितलं. वर तोंडाकडे बघितलं नाही. आणि म्हणाले, "मला काही आठवत नाही."

मग बाईच म्हणाल्या, "जाऊ द्या शेठजी. उपाशी पोर हाये. तिला नका तरास देऊ, आत निजवा." आणि त्या वळून गेल्या. मला आत निजवलं गेलं. मी रडत होते, तर मां म्हणाली, रडू नको, अंगातलं पाणी कमी होतं.

आठवा दिवस संवत्सरीचा. आमच्या वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. त्या संध्याकाळी प्रतिक्रमणात चौऱ्याऐंशी लाख योनींतल्या सगळ्या जिवांची क्षमा मागतात. जळातल्या, मातीतल्या, वाऱ्यातल्या, झाडापाल्यातल्या. मीही मागितली, मांडी घालून, हात जोडून. दुसऱ्या दिवशी सकाळी लोक एकमेकांच्या घरी जाऊन 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतात, जाणता-अजाणता दुखावलं असेल तर माफ करा म्हणून. आता हे मोबाइलवर येतं, फुलांच्या चित्रासकट, ज्यांना मी दहा वर्षांत पाहिलं नाही त्यांच्याकडून. तेव्हा घरोघर जावं लागे. बाबूजी दूधवाल्यापाशी थांबले, दुकानच्या हमालांपाशी थांबले, सगळ्यांना हात जोडले. मी मांला म्हणाले, "मला शेख बाईंकडे जायचंय." मांनं माझ्या कपाळाला कुंकू लावता लावता हात थांबवला. "तिथं कशाला? काल सगळ्या जिवांची क्षमा मागितली ना? त्यांत ती पण आली." मग बँड आला, घोडा आला. मामेबहिणीपेक्षा मोठी मिरवणूक निघाली. मला सोन्याची साखळी मिळाली आणि पहिला घोट मुगाच्या कढणाचा मिळाला. तो मी ओकले.

बाई महिन्याभरात खोली रिकामी करून मंठ्याला परत गेल्या. दुसऱ्या शाळेनं त्यांना घेतलं नाही, हे मंदानं मला सांगितलं. तिनं माझ्याशी बोलणं सोडलं होतं, पण हे सांगायला मुद्दाम आली. "म्या मुख्याध्यापिकेला सांगितल्तं, तू हातानं घेतलं म्हनून. माझं कोन ऐकून राह्यलंय? आन तू बोलली न्हाई. तुझ्या देवाला चालतं का गं हे?" मी म्हणाले, तुला नाही कळणार आमचं. तोंडातून निघालं आणि कळलं की आपण अगदी बाबूजींसारखं बोललो. पुढे आमचं जमलं, तीसेक वर्षांनी, नातवंडं झाल्यावर. पण त्या वर्षी ती माझ्या बाकावर परत बसली नाही.

वर्षानुवर्षं मी एका गोष्टीचा आधार धरून होते. मी खोटं बोलले, पण घरच्यांनी ते खरं मानलं. म्हणजे दोष माझा, ते बिचारे फसले. माणसं चांगली होती, त्यांना खोटं सांगितलं गेलं, म्हणून त्यांच्या हातून वाईट झालं. बाबूजी गेले, भुवाजी गेल्या. मां पंचाऐंशीची झाली आणि माझ्याकडे राहायला आली तेव्हा एका दुपारी ती डाळ निवडत बसली होती आणि मी तिच्यापाशी बसून सगळं सांगून टाकलं. म्हणाले, मां, मी हातानं पाणी घेतलं होतं. त्यांनी मला विचारलं होतं.

मांनं डाळीतला खडा बाजूला टाकला. "मालूम हाय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. तुझं पोलकं कोरडं होतं. भान नसलेल्या पोरीच्या तोंडात कुणी पाणी ओतलं तर गळा भिजतो, छाती भिजते. तुझ्या अंगावर एक थेंब नव्हता. भुवाजींनी मला दाखवलं. मी रात्री तुझ्या बाबूजींना सांगितलं."

"मग ते मला खरं सांग म्हणाले ते?"

मांनं दोन खडे आणखी काढले. मग म्हणाली, "अठाई मोडली असती बेटा. पाहुणे आल्ते. आन तिनं तुला मांडीवर घेतल्तं, ते आधीच चारचौघांत झालं होतं." थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली, "मी दर संवत्सरीला मनात तिचं नाव घेते." ते सांगताना तिचा चेहरा खरोखर भाविक होता. मांच्या श्रद्धेबद्दल मला आजही तिळमात्र शंका नाही, आणि त्याचंच मला भय वाटतं. खोट्या श्रद्धेला काही इलाज तरी सापडला असता. माझा शेवटचा आधार त्या दुपारी गेला. मी कुणाला फसवलंच नव्हतं. त्यांना माझं खोटं हवं होतं, ते मी दिलं आणि त्यांनी ते ठेवून घेतलं, इतकंच.

त्या वर्षी मी मंदाकडून पत्ता घेतला. बाई मंठ्यात भावाकडे होत्या, शिवणकाम करत करत म्हाताऱ्या झालेल्या, डोळे अधू. जालन्याहून मंठ्याला दीड तास लागतो, एसट्या पुष्कळ. मी सकाळी निघाले. स्टँडवर गाडी लागली होती, खिडकीची जागा मिळाली. काय बोलायचं ते मी रात्रभर जुळवलं होतं: बाई, मी कांचन. मला सगळं आठवतं. तुम्ही विचारलं होतं. मी हो म्हणाले होते. हेच शब्द घोळवत बसले होते आणि मग मला त्यांचं घर डोळ्यांपुढे आलं. दार उघडेल. या म्हणतील. बसवतील. आणि आधी पाणी देतील. त्यांच्या माठातलं, त्यांच्या पेल्यातलं पाणी. प्यावं लागेल. न पिता बोलता येणार नाही. मी काय सांगू शकेन? तब्येत बरी नाही, आत्ताच प्यायले, उपास आहे. एकामागून एक सबबी आपसूक सुचत गेल्या, कुणी शिकवावं न लागता, सत्तरीला टेकलेल्या माझ्या डोक्यात. त्यांची माफी मागायला निघालेली मी, त्यांचं पाणी कसं टाळायचं ते ठरवत बसले होते. कंडक्टर पुढून तिकिटं फाडत येत होता. तो माझ्यापर्यंत पोचायच्या आत मी उतरले आणि रिक्षा करून घरी आले.

बाई त्यानंतर तीन वर्षं हयात होत्या.